हिरव्या पडद्यासमोर बसायच्या आधी

वाचकाचं पत्र, थोडं आटोपून:

"ताई, मी ३९ वर्षांची आहे. सांगलीतल्या एका केबल चॅनेलवर १४ वर्षं संध्याकाळी साडेसातच्या बातम्या वाचते. मंडईत मला नावानं कोणी ओळखत नाही, 'बातम्यावाल्या वहिनी' म्हणतात. पाच महिन्यांपूर्वी चॅनेल नव्या मालकांकडे गेलं. आम्ही १९ जण होतो, आता ८ उरलो. आमचे कॅमेरामन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, २२ वर्षांचे जुने. त्यांना एका महिन्याचा पगार हातात देऊन घरी पाठवलं. आता ते लग्नाच्या ऑर्डरी घेतात. मी त्या मीटिंगमध्ये होते आणि एक शब्द बोलले नाही. अर्ध्या तासाचं बुलेटिन दहा मिनिटांवर आलं. पुढच्या महिन्यापासून तेही बंद, फक्त तीन-तीन मिनिटांचे तुकडे मोबाइलवर टाकणार. नवे साहेब पुण्याहून येतात, वय २७-२८ असेल. ते म्हणाले, 'मॅडम, दोन दिवस हिरव्या पडद्यासमोर बसा, तीनशे वाक्यं वाचा, मग तुम्हाला रोज यायची गरजच नाही.' माझा चेहरा आणि आवाज घेऊन कॉम्प्युटर बातम्या वाचणार. त्यासाठी एका कागदावर सही हवी आहे. नाहीतर मोबाइल घेऊन एकटीनं फिल्डवर जायचं, त्याच १८ हजारांत. मिस्टर म्हणतात, घरी बस, शिकवण्या घे. मागच्या खोलीतल्या जुन्या टेपाही भंगारात काढायच्यात म्हणे. सही करू का? या वयात माईक घेऊन उन्हात पळणं शोभेल का? आणि मामांच्या बाबतीत मी चुकले का?"

उत्तर:

सहीला तारीख आहे म्हणून आधी तेवढं सांगते. सही करू नकोस. या महिन्यात तर नकोच. बाकीचं सावकाश बोलू. आणि तुला 'तू' म्हणते, 'ताई' लिहिलंस तिथंच तो हक्क मला मिळाला.

कागदाचा फोटो सोबत पाठवलास ते फार बरं केलंस. दीड पान इंग्रजी, आणि खाली सही कुठं करायची ते पेन्सिलनं फुली मारून दाखवलेलं. त्या दीड पानातले दोन शब्द मी थांबून वाचले. एक 'परपेच्युअल', म्हणजे कायमचं. दुसरा 'इर्रिव्होकेबल', म्हणजे दिलेलं परत मागता येणार नाही. तू उद्या नोकरी सोडलीस, चॅनेल परवा तिसऱ्याच माणसानं विकत घेतलं, तरी तुझा चेहरा आणि आवाज त्यांच्याकडेच राहणार. कशासाठी वापरायचा याला मर्यादा नाही आणि बदल्यात पैसे किती, यावर एक अक्षर नाही. एक गुंठा विकायचा तरी आपण सातबारा चार जणांना दाखवतो, शेजाऱ्याला भाव विचारतो. इथं तर तुझं तोंडच लिहून मागतायत, आणि तेही फुकट.

कशासाठी वापरतील, असा प्रश्न तुझ्या मनात आला असेल. तुमच्या जिल्ह्यात निवडणुकांना काय तोटा आहे? महापालिका, जिल्हा परिषद, बाजार समिती, साखर कारखाने, बँका, पतसंस्था. न्यूजरूममध्ये 'पॅकेज' म्हणजे व्हिडिओ, बाइट (कोणीतरी कॅमेऱ्यासमोर बोललेला तुकडा) आणि व्हीओ (चित्रावर वाचलेलं निवेदन) जोडून केलेली बातमी. आचारसंहिता लागायच्या सुमारास त्याच शब्दाचा अर्थ 'पैसे घेऊन दाखवलेली बातमी' असा कसा पालटतो हे १४ वर्षं तिथं काढलेल्या बाईला मी सांगायला नको. आजवर असली एखादी बातमी समोर आली की तू निदान नाक मुरडू शकत होतीस, रजा टाकू शकत होतीस. तुझ्या चेहऱ्याचं बाहुलं रजा टाकणार नाही. आणि त्यानं वाचलेल्या खोट्या बातमीचा जाब लोक मंडईत कोणाला विचारतील? बाहुल्याला नाही विचारणार.

साहेब म्हणतील, मॅडम, जग कुठं चाललंय बघा. त्यात त्यांचं चूक नाही. २०२३ च्या मार्चमध्ये 'आज तक'नं 'सना' ही कॉम्प्युटरनं बनवलेली निवेदिका आणली, त्याच वर्षी जुलैत ओडिशातल्या ओटीव्हीनं हातमागाची साडी नेसवून 'लिसा' बसवली. सरकारही मागं राहिलं नाही. मे २०२४ मध्ये डीडी किसानवर 'क्रिश' आणि 'भूमी' आले, पन्नास भाषा बोलतात म्हणून सांगत. पण लिसा मंडईत वांगी घ्यायला जात नाही. तिला सासर नाही. तुझ्या पुढ्यात आलेला मामला वेगळा आहे, कारण इथं खऱ्या, जित्या, गावात राहणाऱ्या बाईचं बाहुलं करायचं चाललंय.

कायदा अगदीच आंधळा नाही. २०२४ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंगच्या आवाजाची एआयनं केलेली नक्कल थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला, २०२५ मध्ये आशा भोसलेंच्या बाबतीतही तसंच संरक्षण दिलं. वाचून हुरळून जाऊ नकोस मात्र. त्यांनी कोणाला सही करून दिलेली नव्हती. म्हणून तर त्यांना कोर्टात जाता आलं. तू सही केलीस की पुढचे सगळे प्रश्न 'पण तुम्हीच दिलंत ना लिहून' या एका वाक्यावर येऊन अडतील.

पुढं कधी द्यायचंच ठरलं तर अटी तुझ्या असू देत. एका वर्षापुरता, फक्त बातम्यांसाठी, जाहिरात आणि राजकारण वगळून, दर महिन्याला वेगळे पैसे घेऊन, नोकरी संपली की सगळं पुसून टाकायचं असं लिहून घेऊन, आणि मराठीत. वकिलाला दाखवल्याशिवाय नाही. साहेबांना आत्ता एवढंच सांग की घरात विचारून सांगते. पुरुष अधिकाऱ्यांना हे वाक्य लगेच पटतं. आपण ते वर्षानुवर्षं आपल्या तोट्यासाठी वापरलं, एकदा फायद्यासाठी वापरायला हरकत नाही.

आता त्या साडेसातच्या बुलेटिनबद्दल. तुझ्या पत्रात त्याच्यासाठी फार हळहळ आहे आणि मला ती समजते. खुर्चीत बसल्यावर आवाज नको म्हणून पंखा बंद करायचा, पाठीवरून घाम उतरतोय, पदराला लेपल माईक लावताना पिन बोटात घुसते, आणि समोर लाल दिवा लागला की हे सगळं विसरून 'नमस्कार' म्हणायचं. मीही मुंबईत काही वर्षं तेच केलंय. पण पत्राच्या मागच्या पानावर तू स्वतःच एक हिशेब मांडला आहेस, जो मी वर छापला नाही. तीस मिनिटांपैकी अकरा मिनिटं वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुकानांची उद्घाटनं आणि सत्कार. उरलेल्या एकोणीसपैकी किती नेत्यांच्या बाइटची, ते तू मोजलं नाहीस. तेव्हा बाई, जे बंद पडतंय ते सगळंच सोनं होतं असं आपण एकमेकींना सांगायचं कारण नाही.

बंद का पडतंय, हेही उघड आहे. केबलची जोडणी कमी होतेय. पोरं टीव्हीपुढं बसत नाहीत, म्हाताऱ्यांनी डिश लावली. पूर्वी सराफ आणि साडीवाले दिवाळीत तुमच्याकडे जाहिरातीची पट्टी चालवायचे, आता तेच इन्स्टाग्रामवर तीस सेकंदाचं रील टाकतात आणि किती जणांनी बघितलं याचा आकडाही त्यांना मिळतो. त्यात केंद्रानं २०२२ च्या नोव्हेंबरात केबलवाल्यांच्या स्वतःच्या चॅनेलसाठी नियम काढले. नोंदणी हवी, आणि स्थानिक बातम्या दाखवायच्या तर कंपनीच हवी. चार भावकीतल्या लोकांनी मिळून चालवलेल्या चॅनेलांना हे झेपायचं नाही, हे तेव्हाच दिसत होतं. तुमचे जुने मालक वाईट होते किंवा नवे राक्षस आहेत असं काही मला वाटत नाही. नवे फक्त हिशेबाला बसलेत.

मोठ्या चॅनेलांतही याहून फार वेगळं नसतं. स्टार माझाचं २०१२ मध्ये एबीपी माझा झालं, आयबीएन लोकमतचं न्यूज १८ लोकमत झालं. पाट्या बदलल्या. प्रेक्षकानं पाटीकडे फारसं पाहिलं नाही, ओळखीचं माणूस दिसतंय का ते पाहिलं. प्रदीप भिडे १९७४ पासून पुढं कित्येक वर्षं मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होते. ते गेले २०२२ मध्ये, आणि तेव्हा लोकांनी काय आठवलं? आवाज आठवला. बातमी कुठली होती ते कोणालाच आठवत नव्हतं. म्हणून तर तुझ्या नव्या साहेबांना तुझा आवाज हवाय. त्याची किंमत त्यांना कळते, तुला अजून कळलेली नाही, एवढाच घोळ आहे.

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर आठव. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझी एक मैत्रीण तेव्हा सांगलीत होती, दुसऱ्या मजल्यावर अडकलेली. वीज नाही, केबल पाण्यात, टीव्ही म्हणजे नुसता काळा डबा. तिनं मोबाइलचं चार्जिंग पुरवून पुरवून वापरलं. दिवसातून तीनदा फोन चालू करायचा आणि स्थानिक चॅनेलनं फेसबुकवर टाकलेला पुलाचा व्हिडिओ बघायचा. तुमचंच चॅनेल होतं की दुसरं, ते मला माहीत नाही. पण बातम्या टीव्हीच्या डब्यातून बाहेर पडल्या त्या तेव्हाच. मालकांना ते कळायला काही वर्षं लागली, इतकंच.

तिला त्या व्हिडिओत काय हवं होतं? नुसता आकडा नको होता. आकडा पाटबंधारे खातंही सांगतंच. तिला हवं होतं, की पाणी ५० वर आहे आणि चढतंय, की ५० वर आहे आणि थांबलंय. कोयनेतून किती सोडलंय आणि ते इथं पोचायला किती वेळ आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर हे तर आधीच पाण्यात, आता पुढचा नंबर कोणत्या गल्लीचा. हे वाक्य पुण्यात बसून लिहिता येत नाही. तीनशे वाक्यांवरून शिकलेल्या तुझ्या बाहुल्याला 'आयर्विन' बरोबर म्हणता येईल कदाचित, पण कर्नाळ रोडला पाणी आलं म्हणजे कोणी सामान वर चढवायचं, हे त्याला कोण सांगणार?

असंच एक उदाहरण अमेरिकेतलं. माझी भाची इंडियाना राज्यात लाफायेतजवळ राहते, पर्ड्यू विद्यापीठात शिकायला गेली ती तिकडचीच झाली. तिकडं प्रत्येक मोठ्या गावाचं स्वतःचं टीव्ही स्टेशन असतं आणि हवामान सांगणारा माणूस गावात भलताच मोठा असतो, कारण टॉर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, आलं की तळघरात कधी उतरायचं ते तोच सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅलन मीडिया या कंपनीनं आपल्या डझनाहून जास्त स्टेशनांवरचे हवामानवाले काढून ते काम अटलांटाहून वेदर चॅनेलकडून करून घ्यायचं जाहीर केलं. लाफायेतचं स्टेशनही तेव्हा त्याच कंपनीचं होतं. लोकांनी इतका गोंधळ घातला की कंपनीला माघार घ्यावी लागली. निवेदक बदलतात तेव्हा तिथं एवढं रान उठत नाही. आपल्या शेताच्या कुठल्या अंगानं वादळ येतं हे ज्याला माहीत आहे, तो माणूस लोकांना गावात हवा असतो.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की फिल्डवर जा. ३९ हे काय वय झालं? जिल्ह्याजिल्ह्यांत साठीचे स्ट्रिंगर, म्हणजे पगार नसलेले बातमीदार, मोटरसायकलवर फिरतात, बातमीमागे चारदोनशे रुपये घेऊन. शोभण्याबिभण्याचं सोड. खरं सांगायचं तर, तू १४ वर्षं दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या वाचल्यास. तुझ्याकडे चेहरा आहे, विश्वास आहे, पण मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला सकाळी उभं राहून भाव का पडला ते विचारायची सवय नाही. ती सहा महिन्यांत लागेल. आणि लागली, की या चॅनेलनं उद्या दिवा मालवला तरी तू रिकामी नाहीस. मुंबईच्या चॅनेलांना सांगलीत माणूस लागतोच, वर्तमानपत्रांनाही आता व्हिडिओ हवे असतात.

पण 'त्याच १८ हजारांत, एकटीनं' हे मात्र मान्य करू नकोस. इथं तुला भांडायचं आहे, आणि कशासाठी ते नीट ठरवून भांड.

मोबाइल कोणाचा? तुझा असेल तर तुझ्या मुलांचे फोटो आणि चॅनेलचं फुटेज एकाच ठिकाणी राहणार, आणि भरला की तूच पुसत बसणार. कंपनीचा फोन माग, सोबत कॉलरचा बिनतारी माईक आणि पॉवर बँक. पेट्रोलचे पैसे वेगळे, दर आठवड्याला. अपघात विमा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रात्रीची बातमी, दंगल, मोर्चा, अपघात, पूर, इथं एकटीनं जाणार नाही, हे लिहून घे. साहेबांना वाटतं की मामा म्हणजे एक कॅमेरा, आणि कॅमेरा आता खिशात मावतो. मोर्चात धक्काबुक्की सुरू झाल्यावर माईक धरलेल्या बाईच्या मागे पाठ लावून कोण उभं राहतं हे त्यांना ठाऊक नाही. तू पीटीसी करत असतेस, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलत असतेस, तुझं लक्ष लेन्सकडे असतं, मागून काय येतंय ते फक्त कॅमेरामनला दिसतं. मला एकदा एका मोर्चात माझ्या कॅमेरामननं मनगट धरून ओढलं आणि मी जिथं उभी होते तिथं पाव सेकंदात वीट पडली. मोबाइलला मनगट धरता येत नाही.

यावरून मामांकडे येते.

तू गप्प बसलीस म्हणून अपराधी वाटतंय. बोलली असतीस तर मामांची नोकरी वाचली असती का? नसती. तुझीही गेली असती कदाचित. त्यामुळे त्या मीटिंगचं ओझं थोडं हलकं कर. पण त्यानंतरच्या पाच महिन्यांचं काय? तुझ्या पत्रात 'ते आता लग्नाच्या ऑर्डरी घेतात' असं आहे, आणि वाक्याच्या चालीवरून वाटलं की हे तुला कोणाकडून तरी कळलंय. तू स्वतः गेलेली नाहीस.

मला जेव्हा रात्री दहाच्या बुलेटिनमधून काढलं, तेव्हा मला कोणी बोलावून सांगितलं नाही. नेहमीसारखी मेकअपला बसले आणि आरशाशेजारी चिकटवलेल्या रनडाऊनवर, म्हणजे बुलेटिनच्या क्रमाच्या यादीवर, माझ्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव पाहिलं. ती मुलगी शेजारच्याच खुर्चीत होती. न्यूजरूममधून पर्स उचलून बाहेर पडले तेव्हा अकरा जण आपापल्या स्क्रीनकडे इतकं मन लावून बघत होते, की जणू युद्धच सुरू झालंय. मी मोजले होते म्हणून आकडा लक्षात आहे. एकट्या कँटीनच्या पोरानं विचारलं, मॅडम, चहा नको आज? त्या अकरा जणांनी संपादकाशी भांडायला हवं होतं असं मला कधीच वाटलं नाही. पण तेव्हा त्यातल्या एकाचाही फोन आला नाही, ते मला अजून बोचतं. आणि त्यातल्या एकीचा आला, आठ महिन्यांनी, तिलाही काढलं तेव्हा.

तेव्हा मामांकडे जा. माफी मागायला म्हणून जाऊ नकोस, ते अवघडतील. कामाचं काहीतरी घेऊन जा, आणि ते काम मी तुला देते.

तुझ्या पत्रातला १९ हा आकडा वाचून मला हसू आलं. विसावा माणूस घेतला की पीएफ लागतो, म्हणून एकोणिसावरच थांबलेली किती तरी ऑफिसं मी पाहिलीत. पण ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेला, दहा माणसं पुरतात, आणि एकदा लागू झाली की नंतर माणसं आठवर आली तरी सुटत नाही. १९७२ सालचा हा कायदा, म्हणजे वरळीच्या दूरदर्शन केंद्राच्याच वयाचा. आता तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग जितकी वर्षं नोकरी तितक्यानं गुणायचं. मामांचा पगार १५ हजार धरला तर २२ वर्षांचे १ लाख ९० हजारांच्या वर होतात. हातात काय ठेवलं? एक महिन्याचा पगार. पाच महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही, अर्ज उशिरा केला तरी चालतो.

मालक म्हणतील, ते नोकर नव्हतेच, व्हाउचरवर होते, मानधन होतं. म्हणूनच पुरावा गोळा करायला बसा दोघं. बँकेत दर महिन्याला जमा झालेली रक्कम, चॅनेलचं ओळखपत्र, मस्टरचा फोटो असेल तर तो, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ड्युटीची यादी, दिवाळीच्या बोनसचं पाकीट. गल्लीतल्या पोरांनी मामांना चॅनेलचं जॅकेट घालून गणपतीच्या मिरवणुकीत शूट करताना काढलेला एखादा फोटोही चालेल. हे घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं, जमलं तर कामगार कायद्याचा वकील सोबत घेऊन. आणि हे करताना तुझीही फाइल बनव. सगळे १८ हजार मूळ पगार धरले तर १४ वर्षांचे सुमारे १ लाख ४५ हजार होतात. तू आज ना उद्या तिथून निघणार आहेसच, रिकाम्या हातानं निघू नकोस.

आणखी एक. पत्रकारांचा १९५५ चा जो कायदा होता तो वर्तमानपत्रांपुरता होता, आपण टीव्हीवाले त्यात कुठंच बसत नव्हतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये पत्रकाराच्या व्याख्येत टीव्ही आणि डिजिटलवालेही आलेत. तुला उद्या फिल्ड रिपोर्टर म्हणून नवं पत्र देतील तेव्हा त्यावर पद नीट लिहून घे. 'कंटेंट असोसिएट' किंवा असलं काही गुळमुळीत नाव आलं तर परत कर. 'बातमीदार' लिहा म्हणावं. नेमणूक ठरावीक मुदतीची असेल तरी चालेल, मुदतीवरच्या माणसालाही आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी धरतात. पण पत्र हवं. आणि आधीची १४ वर्षं त्यात पुसली जात नाहीत ना, हे वकिलाकडून बघून घे, कारण 'नव्यानं नेमणूक' या शब्दांत बरंच काही गडप होतं.

मिस्टरांबद्दल मी फार बोलणार नाही. शिकवण्या वाईट नाहीत, पण त्यांनी ते सुचवलंय ते तुझ्या काळजीनं की साडेसातला घरी गरम जेवण मिळेल म्हणून, हे तुलाच माहीत. तुला स्वतःला शिकवायची आवड आहे असं पत्रात कुठं दिसलं नाही.

राहिल्या टेपा. हे तू जाता जाता लिहिलंस, आणि माझा जीव त्यातच अडकलाय. मागच्या खोलीत मिनी-डीव्हीच्या कॅसेटी असणार, त्याआधीच्या व्हीएचएसही असतील. २००५ चा पूर असेल त्यात, जुने गणेशोत्सव, आता पाडलेल्या इमारती, नाटकाच्या तालमी, गेलेली माणसं. मालकी चॅनेलची आहे, त्यामुळे पिशवीत घालून घरी आणू नकोस, उद्या तेच निमित्त होईल. साहेबांना साधं मेल कर, दोन ओळींचं. भंगारवाल्याला द्यायच्या आधी या टेपा मला आणि मामांना बघू द्याव्यात, कामाच्या निघतील त्या आम्ही कॉम्प्युटरवर उतरवून देऊ. फुकट करू असं लिहू नकोस, किती दिवस लागतील आणि किती घेऊ ते लिही. पूर आला की दरवर्षी 'तेव्हा आणि आता' दाखवायला त्यांना हेच लागणार आहे, हे हिशेबाला बसलेल्या माणसाला पटकन कळतं. मिनी-डीव्ही चालवणारा कॅमेरा आता सहज मिळत नाही, पण २२ वर्षं कॅमेरा हाताळलेल्या माणसाच्या माळ्यावर एखादा नक्की असणार. जाशील तेव्हा आधी तेवढं विचार.